विरजणाची माती

संक्रांत झाली की माझी कंबर दुखायला लागते. अजून काही उचललेलं नसतं, नुसत्या विचारानंच दुखते. तिळगुळाचा डबा रिकामा होतो न होतो तोच मनात येतं, चला, आता गच्चीवर जा, जुन्या साड्या अंथरा, कुंड्या पालथ्या घाला, माती वाळत टाका. आठवडाभर ऑफिस करून एक रविवार हाताला लागतो, तोही मातीत घालायचा. बरं, मला बागकामाची आवड आहे म्हणावं तर तसंही नाही. मला फुलं विकत घ्यायला आवडतात. मेथीसुद्धा मी निवडलेली आणते. तरी माघ महिन्यात मी मुलुंडच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर फतकल मारून माती चाळत बसलेली असते, आणि चाळता चाळता एका बाईला शिव्या देत असते. अगदी मनापासून देते.

ती बाई म्हणजे इंगळेबाई. वत्सला इंगळे. आमच्या वरच्या, चौथ्या मजल्यावर राहायच्या, गच्चीच्या थेट खाली. ठेंगण्या, सावळ्या, केस घट्ट बांधलेले, आणि डावा तळहात सारखा डाव्या कानावर दाबलेला. सगळी नोकरी एका सरकारी कचेरीत टेलिफोनच्या बोर्डावर गेली. दिवसभर कानाला यंत्र लावून याला त्याच्याशी जोड, त्याला याच्याशी जोड. निवृत्त झाल्या त्याच आठवड्यात त्यांनी दाराची बेल काढून टाकली. म्हणाल्या, "घंटा वाजली की माझा हात आपोआप वर जातो गं मंगल. आता पुरे." तेव्हापासून त्यांच्याकडे कुणी गेलं की कडी वाजवायची. पोस्टमन वैतागायचा, वैतागू दे.

फोनवर त्यांच्याइतकं तुटक बोलणारं माणूस मी पाहिलं नाही. हॅलो नाही, कशी आहेस नाही. "खाली पाणी आलं?" आलं म्हटलं की फोन बंद. एकदा माझ्या बहिणीनं चुकून त्यांच्याच नंबरावर फोन केला आणि मनातलं सगळं सासरचं गाऱ्हाणं सांगून टाकलं. बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, "तुमचं माणूस इथे नाही. पण नवऱ्याला आधी सांगा, आईला नंतर." फोन बंद. बहीण अजून सांगते, तो सल्ला बरोबर होता म्हणून.

झाडांशी गप्पा माराव्यात, मग ती छान वाढतात, असं कुणीतरी त्यांना कौतुकानं सांगायला गेलं. बाई म्हणाल्या, "अहो, जन्मभर बोललेच ना मी. आता झाडांना तरी सुखानं राहू द्या."

खरं सांगायचं तर झाडं ही त्यांची आवड नव्हतीच. त्यांची आवड माती. मला हे कळायला फार वर्षं लागली. लोक बाग करतात ते फुलांसाठी, भाजीसाठी, निदान फोटोसाठी. बाईंचा जीव सगळा तयारीत. एकदा बी मातीत पडलं की त्यांचं लक्षच उडायचं. पाणी घालायच्या, नाही असं नाही, पण पाहुण्याला चहा विचारावा तसं. त्यांच्या काकड्या कडू निघायच्या. टोमॅटो सुपारीएवढे व्हायचे आणि तिथेच थांबायचे. ती काकडी घरोघर वाटली जायची आणि आम्ही सगळे तोंडं वाकडी करत, मीठ चोळून चोळून ती संपवायचो, कारण दुसऱ्या दिवशी जिन्यात त्या विचारायच्याच, "कशी होती?" "झकास," म्हणायचं आणि पाय उचलायचे. एकच गोष्ट त्यांच्या हाताला यायची, ती मोगरा. एप्रिलातल्या जयंतीला, खाली नाक्यावर निळे झेंडे लागले की, त्यांच्या घरातल्या बुद्धमूर्तीपुढे गच्चीवरच्या मोगऱ्याची ओंजळ असायची. विकतचं फूल त्या दिवशी चालत नसे. त्यासाठी ही सगळी माघातली धडपड.

मुंबईत वसंत येतो कधी न जातो कधी. पंखा दोनावरून पाचावर गेला की समजायचं, आला. बाईंना मात्र तो आधी कळायचा. संक्रांतीनंतर एका सकाळी गच्चीवर धप् धप् आवाज सुरू झाला की आम्ही ओळखायचो, इंगळेबाई बसल्या. रंगाचे डबे, मासळीवाल्याकडचे थर्माकोलचे खोके, एक फुटकं वॉशबेसिन, अशा त्यांच्या 'कुंड्या'. सगळ्या पालथ्या करून माती जुन्या साड्यांवर पसरायची. ढेकळं वरवंट्यानं फोडायची, तो आवाज. मग मुळं निवडायची, तांदळातले खडे काढावेत तशी, पाटावर बसून, चष्मा नाकाच्या टोकावर. मग उन्हात ठेवायची, रोज खालवर करायची. "थकते गं तीपण," म्हणायच्या. "वर्षभर एकेक मूळ तिला पीत असतं. तिला जरा पडू दे उन्हात. कुणी काही मागू नका म्हणावं." हे म्हणताना त्या स्वतः मात्र वाकलेल्याच असायच्या. दुपारी खाली उतरताना प्रत्येक पायरीवर "आई गं" ऐकू यायचं. मी म्हणायची, अहो, सोडा ना, कशाला जिवाला त्रास. त्यावर ठरलेलं उत्तर, "मग काय करू, टीव्ही बघू?"

माती तापून झाली की तिच्यात रस्त्यावरच्या बदामाचा वाळका पाला, स्वयंपाकघरातलं कुजवलेलं खत, आणि सगळ्यांत शेवटी विरजण. हे विरजण म्हणजे गच्चीच्या कोपऱ्यात, पत्र्याखाली ठेवलेलं एक मडकं. त्यात आदल्या वर्षीची माती राखून ठेवलेली. नव्या भरलेल्या प्रत्येक डब्यात त्यातली एक मूठ घालायची, हलक्या हातानं ढवळायची, ओलं फडकं झाकायचं आणि डबा हलवायचा नाही. "हलवलं की मोडतं," असं त्या अगदी दह्यासारखं बोलायच्या. शास्त्रात ते कितपत बसतं मला ठाऊक नाही. पाटणकरकाका, आमचे सोसायटीचे सेक्रेटरी, ते एकदा म्हणाले होते की मातीला असं काही लागत नसतं. बाई म्हणाल्या, "नसेल लागत. मला लागतं."

त्या विरजणाची मूळ मूठ आली वाशिमकडून. नोकरी लागली तेव्हा बाई एकट्या मुंबईला निघाल्या, आणि निघताना बांधावरची काळी माती त्यांनी स्टीलच्या डब्यात भरून घेतली. मी विचारलं, "तुमच्या शेतातली?"

"शेत कुठलं आमचं? मालकाचं होतं. बाप कसायचा."

"मग न विचारता आणलीत?"

"कोणाले विचारू?" त्या थकल्या किंवा चिडल्या की वऱ्हाडी बाहेर यायची. "माह्या बापानं जन्मभर कसली. एक डबा आमचा नसंल का तिच्यात?"

मी पुन्हा कधी विचारलं नाही. ती काळी माती आता दिसायचीही नाही म्हणा, मुंबईच्या लाल मातीत मिसळून मिसळून सगळी एकाच रंगाची झाली होती. पण मूठ पुढे मूठ चालत आली होती. आणि इमारतीत कुणी तुळस लावली, कढीलिंब लावला की बाई वर ताटली झाकलेली वाटी घेऊन हजर. "घ्या, विरजण." आम्ही सगळ्यांनी घेतलं. आमची झाडं जगली असं मात्र नाही.

एका वर्षी मातीत घालायला त्यांनी वर्सोव्याहून सुक्या जवळ्याचा, त्या बारीक कोलंबीचा, चुरा आणला. ऑफिसातली एक जुनी मैत्रीण तिकडची कोळीण, तिनं पिशवीभर दिला. दुसऱ्या दिवशी मुलुंडमधल्या झाडून सगळ्या मांजरी आमच्या गच्चीवर. वास तर असा, की पाटणकरकाकू नाकाला पदर लावून वर आल्या. काकू घरात कांदासुद्धा जपून आणणाऱ्या. "इंगळेबाई, हे काय हो? आमच्याकडे सोवळंओवळं राहू दे, पण श्वास तरी घेऊ द्याल की नाही?" बाई वरवंटा खाली ठेवून म्हणाल्या, "वहिनी, चार दिवस. मग मातीच खाते सगळा वास." काकू म्हणाल्या, "आणि मांजरी?" "त्या तुम्ही खाली न्या, मला त्या ऐकत नाहीत." काकू इतक्या चिडल्या की पुढे कितीतरी दिवस दोघींचं बोलणं बंद होतं. जिन्यात समोरासमोर आल्या की दोघी भिंतीकडे बघायच्या.

मग ते वर्ष आलं. माघाची सुरुवात होती, माती साड्यांवर पसरून झाली होती, आणि बाईंना ताप भरला. छातीत कफ, दम लागायचा, दवाखान्यात ठेवावं लागलं. मुलगा मिलिंद नाहूरला राहतो, तो धावपळ करत होता, आम्ही डबे पोचवत होतो. नेमकं त्याच वेळी गच्चीच्या गळतीचं काम निघालं. कामगार आले, जुना थर फोडायला लागले. पाटणकरकाका माणूस काळजीवाहू. त्यांच्या लक्षात आलं, बाईंची माती उघड्यावर आहे, तिच्यात सिमेंट-डांबर जाईल. म्हणून त्यांनी स्वतः उभं राहून ती सगळी माती रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत भरून घेतली. कोपऱ्यातलं मडकंही त्यांना दिसलं. कामगारांचा पाय लागून फुटायला नको, म्हणून तेही गोणीत रिकामं केलं. तोंडं सुतळीनं बांधली आणि गोण्या नीट भिंतीला लावून ठेवल्या.

पलीकडच्या भिंतीला राडारोड्याच्या गोण्या होत्या. त्याही सिमेंटच्याच. संध्याकाळी गाडी आली, आणि हमालांनी दोन्ही भिंती मोकळ्या केल्या.

काका गाडीमागे देवनारच्या कचराडेपोपर्यंत जायला निघाले होते. रिक्षात बसलेसुद्धा. पण गाडी तिकडेच गेली की आणखी कुठे, हे ठेकेदारालाही धड सांगता येईना. अशा वेळी काय शोधणार आणि कुठे? रात्री काका आमच्याकडे येऊन खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "वाट लागली गं मंगल. जपायला गेलो आणि घालवून बसलो." इतकी वर्षं ओळखते, त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता.

बाई घरी आल्या त्या दिवशी आम्ही प्रत्येक मजल्यावर एक खुर्ची ठेवली होती. बसत बसत वर चढल्या. दाराशी काका हात जोडून उभे, मागे नर्सरीतून आणलेल्या मातीच्या पाकिटांची चळत. चकचकीत पाकिटं, वर फुलांची चित्रं. काकांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बाईंनी ऐकून घेतलं, बोर्डावर ऐकायच्या तसं, मध्ये एक शब्द न बोलता. मग म्हणाल्या, "मडकंपण?"

"हो."

"असू द्या." आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पाकिटं तशीच पडून. महाशिवरात्र होऊन गेली, ऊन चढलं, पण गच्चीवर धप् धप् नाही. मी रोज जाऊन बसायची. एकदा म्हटलं, "बाई, सुरू करू या ना. मी उचलते डबे." त्या म्हणाल्या, "काहून मागं लागून राहिलीस? दमली मी. दरसाल तिले उठवा, दरसाल झोपवा. आता कोणाले उठवू?" मग थोड्या वेळानं, एकदम लहान आवाजात, "बापाची तेवढीच एक गोष्ट होती गं माझ्याकडे. फोटोही नाही त्याचा." मी उठून भांडी घासली.

जयंतीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. मी त्यांच्याकडे भाजी चिरत बसले होते. कडी वाजली. दारात पाटणकरकाकू, हातात वाटी, वर ताटली झाकलेली. मांजरींवरून झालेल्या भांडणानंतर त्या घरात त्यांनी पाय ठेवला नव्हता.

"विरजण आणलंय," काकू म्हणाल्या.

बाई म्हणाल्या, "मी दही लावत नाही हल्ली."

काकूंनी ताटली काढली. आत माती. पांढरट, कोरडी ठणठणीत. "तुम्हीच दिलं होतंत, कढीलिंब लावला तेव्हा. कढीलिंब गेला केव्हाच. कुंडी टाकायची राहून गेली."

बाईंनी चष्मा लावला. चिमूट घेतली, बोटांत चोळली, नाकाशी नेली. बराच वेळ नाकाशीच धरून ठेवली. मग एकदम काकूंवर उखडल्या, "पाणी घालत नव्हता का हो हिला?"

"झाड गेल्यावर कोण पाणी घालतं?"

"मातीला घालायचं की!"

"बरं बाई, चुकलं," काकू म्हणाल्या आणि तिथेच रडायला लागल्या. "हे झोपत नाहीत हो रात्रीचे. उठून बसतात. होईल का काही यातून, तेवढं सांगा."

"पातेल्याला वाटी पुरते," बाई म्हणाल्या. "पण वेळ लागेल. आणि माझ्या अंगात आता दम नाही."

"उचलायला हे आहेत."

त्या वर्षी जयंतीला मूर्तीपुढे विकतचा मोगरा होता, आणि बाई दिवसभर त्याच्याकडे न बघता वावरल्या. पण गच्चीवर पाकिटांची माती रंगाच्या एका डब्यात पडली, तिच्यात काकूंच्या वाटीतली मूठ गेली, वर ओलं फडकं. बाकीच्यांनाही मग आपापल्या मेलेल्या कुंड्या आठवल्या. कुणी तुळशीची आणली, कुणी कोरफडीची. माझी पुदिन्याची होती, पुदिना आठवडाभरही टिकला नव्हता. बाई प्रत्येक वाटीचा वास घ्यायच्या, प्रत्येकाला झापायच्या, आणि ठेवून घ्यायच्या. पुढच्या माघात पुन्हा साड्या अंथरल्या गेल्या. बाई पाटावर, काका बादल्या उचलतायत, आणि काकू नाकाला पदर लावून मुळं निवडतायत. त्या एप्रिलात मोगरा आला. ओंजळभर नव्हता, चार-पाच फुलं होती. बाईंनी ती एकेक करून ठेवली.

मग काकांची पाठ धरली आणि बादली माझ्याकडे आली. माझी फरफट सुरू झाली ती तिथून.

जिने चढणं बाईंना पुढे झेपेनाच. मिलिंद त्यांना नाहूरला घेऊन गेला. एकाच स्टेशनाचं अंतर, पण त्यांच्यासाठी ते परदेशच. सतराव्या मजल्यावर घर, बाल्कनी काचेनं बंद, कुंड्या ठेवायला त्या सोसायटीची मनाई. मुलगा-सून चांगली, काही कमी नव्हतं. माझ्याकडे फोन यायचे. "ऊन दिलं?" दिलं म्हटलं की फोन बंद. "मडकं झाकलं?" हो म्हटलं की बंद. एकदा फोन आला आणि पलीकडून काहीच नाही, नुसता श्वास. मी म्हटलं, "बाई, माती अगदी ठीक आहे." तेव्हा ठेवला.

त्या होळीच्या आधी गेल्या. त्याच्या थोडेच दिवस आधी, माघात, मी त्यांना शेवटचं भेटले. माती साड्यांवर पडून तापत होती आणि मला कळत नव्हतं, झाली का नाही. हे त्यांना वासावरून कळायचं, मला आजही कळत नाही. म्हणून वाटीत घेतली, ताटली झाकली आणि रिक्षानं गेले. त्या खिडकीजवळ खुर्चीत होत्या, खूप बारीक झालेल्या. तळहात कानावर तसाच. मी ताटली काढून वाटी पुढे धरली. त्यांनी मूठभर उचलली, नाकाशी नेली, डोळे मिटले.

"अजून कच्ची आहे. चार दिवस राहू दे उन्हात."

"बरं. मग विरजण घालू?"

"मग घाल. आणि हलवू नकोस." मान मागे टेकवली त्यांनी. "वैतागतेस ना गं माझ्यावर?"

"खूप," मी म्हटलं.

त्या हसल्या. "वैताग. पण घाल."

तेवढ्यात सून पाणी घेऊन आली. खुर्चीवर, साडीवर माती सांडलेली पाहून "अगं बाई, हात भरले तुमचे" म्हणाली आणि पुसायला ओला रुमाल घेऊन आली. बाईंनी मूठ मिटली आणि हात पदराखाली घेतला.